लांजेवार बाईंचं मैदान

मांडून ठेवलेल्या ड्रोनवरून कुणी टांग टाकून पलीकडे गेलं, की लांजेवार बाईंची शिट्टी वाजायची. गाडी मागे घेताना एसटीचे कंडक्टर वाजवतात तशी, लांबलचक, कान किटवणारी. ज्याच्यासाठी वाजली तो माणूस एक पाय हवेत धरूनच थांबायचा. मग बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून चालत यायच्या. घाई अजिबात नाही. जवळ येऊन विचारायच्या, "काऊन गा, वाट नाही काय तुले? लेकराले ओलांडतेत काय असं?"

आमचा मुख्य पायलट अन्वय पुण्याचा. त्यानं एकदा हसत सांगून पाहिलं की बाई, ओलांडलं म्हणून ड्रोनची वाढ खुंटत नाही. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "नसन खुंटत. तरी ओलांडू नोको."

आम्ही ड्रोनचे लाइट शो करतो म्हटलं, की लोकांची मान आपोआप वर जाते. त्यांना आकाशातला मोर आठवतो, पंख पसरणारा सारस आठवतो. आमच्या लोकांना मात्र जमीन आठवते. दुपारच्या उन्हात मैदानावर दोऱ्या ताणायच्या, चुन्याचे ठिपके टाकायचे, एकेका ठिपक्यावर एकेक ड्रोन ठेवायचा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. बॅटऱ्या बसवायच्या, पंख फिरवून बघायचे, काडीकचरा झटकायचा. हे सगळं झालं की लॅपटॉपवर बसलेला माणूस एक बटण दाबतो आणि टाळ्या पडतात. तो लॅपटॉपवरचा माणूस म्हणजे मी, त्यामुळे हे बोलायचा मला अधिकार आहे. दिवसभर माझ्या बोटाला फारसं काम नसायचं. मैदान सगळं बाईंचं होतं.

बाई उंच, सडसडीत, रंगानं सावळ्या. पिन लावून घट्ट बसवलेली नायलॉनची साडी, त्यावर भडक पिवळं चमकणारं जाकीट, पायात पांढरे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. खांद्यावरून कमरेपर्यंत कंडक्टरची कातडी पिशवी. नोकरी सोडली तरी पिशवी सुटली नव्हती. तिच्यात एसटीच्या तिकिटांच्या जागी चिकटपट्टी, छोटे स्क्रूड्रायव्हर, ब्रश, ओवा आणि लिमलेटच्या गोळ्या असायच्या. कुणाला चक्कर आली तर गोळी, कुणी उगाच वाद घालू लागलं तरी गोळीच. "चघळ आधी," म्हणायच्या, "मंग बोल."

अर्जुनी मोरगावच्या अलीकडच्या एका गावात त्यांचं घर. वीसेक वर्षं त्यांनी एसटीत काढली होती, बरीचशी देवरी, चिचगड भागातल्या गाड्यांवर. नवऱ्याचं आजारपण लांबलं तेव्हा नोकरी सोडून घरी बसल्या. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली, आणि बाईंना घरात करमेना. गावातल्या बचत गटाच्या बायकांना घेऊन त्या लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घेऊ लागल्या. आमची गाठ पडली ती अशाच एका कामावर.

गोंदियाच्या एका राइस मिलवाल्यांच्या मुलाचं रिसेप्शन होतं. शहराबाहेर, धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात शो ठरला होता. या भागातलं आमचं ते पहिलंच काम. ठेकेदारानं पाठवलेली माणसं मालधक्क्यावरची होती. पोती टाकायची सवय. पेटीतून ड्रोन काढायचे आणि हात लांब करून जमिनीवर सोडायचे. अन्वय मराठीत ओरडत होता, मी हिंदीत विनवत होतो, आणि ती माणसं "हो भैया, कर तो रहे हैं" म्हणत तसंच करत होती. पंखांच्या काड्या मोडत होत्या.

बाई आमच्या जेवणासाठी आल्या होत्या. भात, लाखोरीची डाळ आणि आलू-वांग्याची भाजी वाढता वाढता त्या हे सगळं बघत असाव्यात. शेवटची पंगत उठली, तशा त्या हात धुऊन पदराला पुसत शेतात आल्या. ठेकेदाराच्या मुकादमाला त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या लोकांनी आता भांडी धुवावीत, हे काम आम्ही करतो. मुकादमाला हा विनोद वाटला. पण तोवर बायका ओळीनं शेतात उतरल्या होत्या. रोवणीला बसतात तशाच, सारख्या अंतरावर, मागे सरकत. फरक एवढाच की हातात धानाच्या रोपांऐवजी ड्रोन. बाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभ्या राहून ओळ सरळ आहे की नाही ते बघत होत्या आणि अधूनमधून एखादीचं नाव घेऊन "वाकडं जाऊन रायली तू" म्हणत होत्या. मालधक्क्याच्या माणसांनी खरोखरच भांडी धुतली. त्यांनाही ते काम बरं वाटलं असावं, गरम पाणी होतं.

त्या संध्याकाळनंतर अन्वयनं आमच्या नागपूरच्या मालकांशी बोलून बाईंना आणि त्यांच्या गटातल्या बायकांना कायमचं घेतलं. त्यांच्यापैकी सिंधू म्हणून एक बाई होती. कमी बोलणारी, बाईंच्या मागोमाग सावलीसारखी. या दोघी आणि अन्वय, एवढ्यांची ओळख ठेवली तरी पुढचं सांगता येईल.

बाईंना यंत्राचं फार कौतुक नव्हतं. ड्रोन म्हणजे त्यांच्या लेखी उतारू. पेटीतून काढताना त्या "चला, बसून घ्या" पुटपुटायच्या. एखाद्यानं जीपीएस पकडायला वेळ लावला तर म्हणायच्या, "याले तिकीट भेटलं नाही अजून." उड्डाणाआधी मैदानाला एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय त्या वॉकीटॉकीवर होकार देत नसत. अन्वयनं त्यांना नियमाप्रमाणे काय बोलायचं ते शिकवलं होतं. बाई ते चार शब्द नीट बोलायच्या आणि शेवटी स्वतःचे दोन जोडायच्या: "जाऊ द्या." ते ऐकल्याशिवाय मलाही बटण दाबवत नसे. एकदा आमगावकडे त्यांनी एका बकरीच्या पिल्लासाठी सगळा शो थांबवून ठेवला. पिल्लू ड्रोनच्या ओळीत शिरलं होतं आणि त्याला पकडायला कुणी धावायचं नाही असा बाईंचा हुकूम होता. धावलं तर ते पळणार आणि पळालं तर तुडवणार. कार्यक्रमाचे यजमान घड्याळ दाखवत होते. बाई उकिडव्या बसल्या, पिशवीतून लिमलेटची गोळी काढली आणि तळहातावर ठेवून पिल्लाला बोलावत राहिल्या. पिल्लू यायला तयार नव्हतं. शेवटी त्याची आई मैदानाबाहेर ओरडली आणि ते स्वतःच गेलं. गोळी बाईंनी खाल्ली.

त्या नेहमी बरोबरच असायच्या असं मात्र नाही. वाऱ्याच्या बाबतीत त्यांचा अंदाज हमखास चुकायचा, आणि आत्मविश्वास त्यामुळे कमी व्हायचा नाही. एका गावच्या मंडईच्या वेळची गोष्ट. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दंडार, नाटकं होतात. त्या गावानं त्या वर्षी ड्रोनचा शो ठरवला होता. दुपारपासून वारा सुटला. अन्वय मोजमाप बघून म्हणाला, कठीण आहे. बाईंनी तळ्याकडे तोंड करून उभं राहून जाहीर केलं की सूर्य बुडाला की वारा बसतो, त्या हे लहानपणापासून बघत आल्यात. सूर्य बुडाला. वारा वाढला. मंडपाच्या कनाती फडफडायला लागल्या. शो रद्द करायचं ठरलं आणि आता एवढ्या लोकांना सांगायचं कुणी, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. लांबलांबून बैलबंड्या, ट्रॅक्टर करून लोक आले होते.

बाई स्वतःच स्टेजवर गेल्या. माइक हातात घेऊन म्हणाल्या की वारा बसंन असं मी बोलली होती, थो काही बसला नाही, म्हनून आज हे उडनार नाही, ज्याले राग आला असन त्यानं माह्यावर काढावा. लोकांत थोडी कुजबुज झाली. मग एका म्हाताऱ्यानं खालून विचारलं, "तुमी चिचगडच्या गाडीवर होत्या का वो बाई?" बाई म्हणाल्या, होती. त्यानं सांगितलं की तुम्ही एकदा माझ्या कोंबड्याचं तिकीट काढायला लावलं होतं. लोक हसले. बाईंनी माइकवरूनच त्याला उत्तर दिलं की कोंबडा सीटवर बसला होता, मांडीवर असता तर सोडला असता. तिथून जे सुरू झालं ते बराच वेळ थांबलं नाही. लोक खालून गाडीतल्या आठवणी सांगायचे, बाई वरून उत्तरं द्यायच्या. कुणाचं लग्न त्या गाडीत ठरलं होतं, कुणाची म्हैस गाडीसमोर आडवी बसली होती. अन्वय माझ्या शेजारी उभा राहून पोट धरून हसत होता. अर्धी भाषा त्याला कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी वारा पडला, शो झाला, चांगलाही झाला. पण त्या गावाला गेलो की लोक अजून आदल्या दिवसाचंच बोलतात.

अन्वयचं आणि त्यांचं सुरुवातीला जरा कडू-गोड होतं. तो पटकन चिडायचा. शोच्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तू जेवत नाहीस म्हनून तुह्या पोटात राग भरते. खाली जागा ठेवतोस कायले?" पुण्यात असं कुणी त्याला बोललं नसावं. तो गोरामोरा झाला. पण पुढच्या शोपासून तो दुपारी पानावर बसू लागला, आणि बाई त्याच्या भातावर न विचारता डाळ ओतू लागल्या.

चिचगडचा दिवस मला फार जवळचा वाटतो. देवरी तालुक्यातल्या एका मैदानावर शो झाला आणि उतरताना एक ड्रोन कमी भरला. पडद्यावर त्याची शेवटची खूण जंगलाच्या बाजूला दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढली, तर बाई आधीच तयार होऊन मागच्या सीटजवळ उभ्या. म्हणाल्या, तिकडचे रस्ते मोबाइलपेक्षा मला जास्त ओळखतात.

ते खरंच होतं. चिचगडपर्यंत प्रत्येक टपरीवर कुणी ना कुणी हात करायचं. बाई थांबायला लावायच्या, ख्यालीखुशाली विचारायच्या. कुणाच्या नातवाचं नाव काय ठेवलं, मोहफुलं यंदा कशी पडली. मी घाईत होतो, बाई नव्हत्या. तिसऱ्या की चौथ्या टपरीवर एकीनं सांगितलं की पुढच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, मडावी बाबांच्या घरावर काल काहीतरी पडलं म्हणतात.

मडावी बाबांचं घर रस्त्यापासून आत, सागाच्या झाडांत. मातीच्या सारवलेल्या भिंती, वर कवेलूंचं, कौलांचं छप्पर. म्हातारा अंगणात बसून सिंदीच्या पात्यांचा झाडू बांधत होता. आम्हाला बघून त्यानं पहिलं बोट छपराकडे केलं. दोन कवेलू फुटले होते. मी माफी मागू लागलो, तर त्यानं माझ्याकडे न बघता गोंडीत काहीतरी म्हटलं. बाईंना या भागात राहून थोडी गोंडी येत होती. त्यांनी मला सांगितलं, "म्हनते का घरात पानी पडन. बरोबरच आहे न."

म्हातारी घरातून आली. ड्रोन कुठे आहे म्हटल्यावर तिनं कोपऱ्यातली बांबूची टोपली उचलली. खाली पोत्यावर आमचा ड्रोन ठेवला होता. एक पंख मोडलेला, बाकी धड. कोंबड्या टोचतील म्हणून तिनं झाकून ठेवला होता. तिला वाटलं होतं की हे कुण्या लेकराचं खेळणं असणार, आणि ते लेकरू रात्रभर रडलं असणार. हे सांगताना तिचा चेहरा खरोखरच कष्टी झाला होता. सकाळपासून ती वाट बघत होती, कुणी लहान मूल घेऊन येईल म्हणून. आम्ही दोघं आलो.

मी ड्रोन पिशवीत घालून निघायच्या तयारीत. बाई म्हणाल्या, आधी घर. त्यांनी म्हाताऱ्याला शिडी मागितली. मी चढतो म्हटलं, तर मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "तू शहराचा. कवेलू कुठी पाय द्याचा थे तुले माईत नाही. चार अजून फोडशीन." बूट काढले, साडी खोचली आणि छपरावर गेल्या. मी खालून कवेलू देत होतो, मडावी बाबा सूचना देत होता, आणि बाई वरून त्याला सांगत होत्या की माझ्या बापाचं घरही असंच होतं. कवेलू बसले. म्हाताऱ्यानं मान डोलावली. तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि बसायला खाट पुढे केली.

चहा झाला, काळा, गुळाचा. मग बाईंनी मला विचारलं की यात दुसरी बॅटरी घातली तर काही होतं का. मी म्हटलं, उडणार नाही, पण दिवा लागेल. म्हातारीला दाखव म्हणाल्या. घरात तसा अंधारच होता. मी बॅटरी बसवली. सुरू होताना आमचे ड्रोन आपले रंग तपासून घेतात, लाल, मग हिरवा, मग निळा, मग पांढरा. कुडाच्या भिंतीवर, उतरंडीवर, म्हातारीच्या हातावर ते रंग एकामागून एक पडले. ती हातच बघत राहिली, उलटसुलट करून. मग पदर तोंडाला लावून हसली आणि म्हाताऱ्याला आत हाक मारली. त्यानं बघितलं. परत एकदा, म्हणाला. मी बॅटरी काढून परत घातली. बाईंनी किती वेळा ते करायला लावलं ते आता आठवत नाही. तिकडे अन्वय फोन करून करून थकला असणार, पण तिथे फोन लागतच नव्हता आणि बाईंना त्याचं दुःख नव्हतं.

परत येताना मी म्हटलं, बाई, उशीर झाला. मागून उत्तर आलं, "कोनाचं घर फोडून चहा पेऊन पळून जानं चांगलं दिसते काय?"

आता गर्दीच्या त्या शोचं सांगतो. हायवेवरचं एक मोठं गाव, मैदान प्रशस्त, पण गर्दी अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलेली. दोरी बांधली होती, स्वयंसेवक उभे केले होते. दिवेलागण झाली, अंधार पडला, सगळे ड्रोन वर गेले, शो सुरू झाला. मध्यावर कधीतरी मागच्या लोकांनी पुढे रेटा दिला आणि दोरी तुटली. पुढची रांग पुढे सरकली, तिच्या मागची तिच्याही पुढे, आणि बघता बघता ज्या जागेवर ड्रोन उतरायचे होते तिच्या काठापर्यंत माणसं आली. कडेवर, खांद्यावर पोरं. सगळ्यांच्या माना वर. आपण कुठे आलोत याची कुणाला कल्पनाच नव्हती.

ड्रोन आकाशात शोभतात, उतरताना त्यांचे पंख जोरात फिरत असतात. तीनशे यंत्रं एकदम खाली येणार, आणि बॅटरीत जेमतेम उतरण्यापुरतं बळ उरलेलं. अन्वयनं त्यांना वरच थोपवलं. जास्त वेळ धरता येणार नाही, तो मला म्हणाला. स्टेजवरचा निवेदक माइकवरून "मागे सरका, मागे सरका" ओरडू लागला. त्यानं उलटंच झालं. मागच्यांना वाटलं पुढे काहीतरी बघण्यासारखं आहे, रेटा अजून वाढला.

मी बाईंकडे बघितलं. त्या निवेदकाकडे पळत गेल्या नाहीत. त्यांनी शिट्टीही वाजवली नाही. सिंधूला आणि बाकीच्या बायकांना हाताला धरून त्यांनी गर्दीच्या थेट पुढे एका ओळीत नेलं आणि सगळ्यांना खाली बसवलं. मांडी घालून, गर्दीकडे तोंड करून. मग स्वतः उभ्या राहून, पुढच्या रांगेतल्या बायांकडे बघून, रोजच्या बोलण्यातल्या आवाजात म्हणाल्या, "बसून घ्या वो माय. समदे बसल्याबिगर ते खाली येत नाहीत."

साफ खोटं. ड्रोनना कोण बसलंय, कोण उभंय, काय कळणार? पण पुढच्या बाया बसल्या. त्यांनी आपल्या पोरांना ओढून बसवलं. पोरांनी मागच्या बापांना सांगितलं, बसा, नाहीतर ते येत नाहीत. हे वाक्य आम्हाला ऐकू येत होतं, रांगेतून रांगेत मागे मागे जाताना. मराठीत, हिंदीत, पोवारीत. गर्दी बसत गेली. पुढून मागपर्यंत, धानाचं पीक वाऱ्यानं झुकावं तशी. बसलेल्या माणसाला रेटता येत नाही. बाईंनी हातानं खुणावून पहिल्या रांगेला बसल्या बसल्या मागे सरकवलं, थोडं, अजून थोडं. मग आम्हाला वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला. नियमाचे चार शब्द त्या विसरल्या होत्या. नुसतं म्हणाल्या, "आता येऊ द्या."

ड्रोन उतरले. एकूण एक. लोकांनी बसूनच टाळ्या वाजवल्या. आपण नीट बसलो म्हणून हे आले, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं आणि ते अगदीच चुकीचंही नव्हतं.

अन्वय टेबलामागून उठला, बाईंकडे चालत गेला. मला वाटलं काही बोलेल. तो त्यांच्या पाया पडला. बाई म्हणाल्या, ऊठ, लोक पाहून रायले. मग त्या मैदानाला फेरी मारत उतरलेले ड्रोन मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत पेट्या चढवून झाल्यावर बायका चहा पीत बसल्या होत्या. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि न विचारता सांगू लागल्या. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका फाट्यावर एक शेतकरी उतरला. बाईंनी बघितलं, माणूस खाली आहे, दोन बेल दिल्या. गाडी हलली आणि त्याच क्षणी त्याला आपली थैली आठवली. तो परत दांडीला धरायला धावला आणि पडला. पाय मोडला. चूक त्याची होती, तो स्वतःच सगळ्यांना तसं सांगत होता. बाईंना कुणी काही म्हटलं नाही.

"पन बेल त मीच देल्ली होती न गा बाबू," बाई म्हणाल्या.

त्या माणसाचा पाय जुळला, थोडा लंगडा राहिला. पुढे कितीतरी वर्षं तो त्याच गाडीनं जायचा-यायचा. फाट्यावर उतरला की दोन पावलं मागे सरकायचा, हात वर करायचा आणि हसून ओरडायचा, आता द्या बाई. मग त्या बेल द्यायच्या. हे सांगताना त्या हसत होत्या. त्याच्या नातीच्या लग्नाला त्या गेल्या होत्या, त्यानं सगळ्या पाहुण्यांशी त्यांची ओळख "माझा पाय मोडणारी बाई" अशी करून दिली होती, आणि जेवताना शेजारी बसवून आग्रह करकरून वाढलं होतं. चहा संपला. त्यांनी कप उपडा करून झटकला आणि त्या पेट्यांच्या दोऱ्या तपासायला निघून गेल्या.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी काम सोडलं. भांडण नाही, आजारपण नाही. शेतात फवारणी करणारा ड्रोन चालवायचं प्रशिक्षण बायकांना मिळणार होतं, त्यांच्या गटातून सिंधूचं नाव गेलं, आणि सिंधू म्हणाली, बाई येत असतील तर मी जाते. म्हणून दोघी गेल्या. अन्वयनं त्यांना फोनवर विचारलं की या वयात परीक्षा वगैरे जमेल का. बाईंनी त्याला विचारलं की तू आज जेवलास का. आम्ही नवी माणसं घेतली, ती चांगली आहेत. मांडलेल्या ड्रोनवरून अजून कुणी जात नाही. का जायचं नाही, ते नव्यांना कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या भाद्रपदात मी एका जागेची पाहणी करायला मोटरसायकलनं निघालो होतो, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या कडेकडेनं. दोन्ही बाजूंना गर्भावर आलेलं धान, पाणी भरलेली खाचरं, इकडच्या भाषेत बांध्या. खाली एका शेतात चार-पाच बायका डबे, कॅन घेऊन उभ्या दिसल्या आणि त्यांच्या पुढे एक उंच बाई. पिवळं जाकीट नव्हतं, पिशवीही नव्हती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलानं भरलेले, दोन्ही हातांत रिमोट. मी गाडी बंद केली.

मोठा ड्रोन होता, आमच्यांसारखा नाजूक नव्हे. तो धानावरून जात होता, तुषार मागे सोडत, आणि त्याच्या वाऱ्यानं खालचं धान दबून परत उभं राहत होतं. बाई बोलत नव्हत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढा वेळ गप्प बघितलेलं नव्हतं. ओठ किंचित उघडे होते, यंत्राबरोबर मान हळूहळू वळत होती. मी हाक मारणार होतो. मारली नाही.

कालव्यावरून वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांचा पदर खांद्यावरून घसरला. टोक पार पाण्यात गेलं. हात मोकळा नव्हता. त्यांनी खाली बघितलंही नाही. मागून सिंधू पुढे झाली, तिनं पदर उचलला, पिळला, त्यांच्या खांद्यावरून नीट घेऊन कमरेला खोचला आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. बाईंना ते कळलं असेल असं वाटत नाही. ड्रोन बांधीच्या टोकाशी वळत होता.